नाण्यांच्या ढिगातून इतिहास वाचणारा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

बोर्ली पंचतन : दहावीच्या गणिताच्या पुस्तकात संभाव्यता आणि सांख्यिकी असे दोन धडे आहेत. मराठी माध्यमात आहेत, उर्दू माध्यमातही आहेत. आमच्या श्रीवर्धन तालुक्यातल्या मुलांना विचारलं तर बरीच मुलं सांगतात की हे धडे मार्कांसाठी करायचे आणि परीक्षा झाली की सोडून द्यायचे. नाणं उडवलं तर छापा किती वेळा, फासा टाकला तर सहा किती वेळा, याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, असं त्यांना वाटतं. आईवडीलही फारसं काही बोलत नाहीत. मुलगा दहावी-बारावी झाला की पासपोर्ट काढायचा आणि आखातात पाठवायचा, हा रस्ता आपल्या घराघरात ठरलेला. त्यात सांख्यिकी कुठे बसणार?

म्हणूनच आज आम्ही अशा एका माणसाची गोष्ट सांगणार आहोत, ज्याने हेच दोन धडे हातात घेतले आणि त्यांच्या जोरावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांना बोलतं केलं, धान्याच्या शास्त्राला एक सूत्र दिलं, आणि चमत्काराचे दावेही तपासून पाहिले. हा माणूस आपल्याच किनाऱ्याचा, गोव्याचा. आणि तरुणपणी त्याने अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकवलं होतं, हे आपल्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

गोव्यातून अमेरिकेत

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यात झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. इल्मच्या ओढीने त्यांनी तरुणपणी घर सोडलं, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे देश पालथे घातले, आणि पुढे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पाली ग्रंथाच्या कामासाठी बोलावून घेतलं.

1918 साली धर्मानंद पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा दामोदर आणि त्यांची मोठी बहीण माणिक यांना त्यांनी सोबत नेलं. दामोदर तेव्हा अकरा वर्षांचे होते. शाळा तिथेच झाली, पुढे हार्वर्डमध्ये शिक्षण झालं. 1929 साली ते अत्यंत वरच्या दर्जाने पदवीधर झाले. गणित तर होतंच, पण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. पुढे त्यांचे काही शोधनिबंध युरोपीय भाषांतही छापून आले.

असा मुलगा अमेरिकेत राहिला असता तर कोणी नवल केलं नसतं. पण 1929 मध्येच ते परत आले आणि बनारस हिंदू विद्यापीठात शिकवू लागले.

अलीगढचे दिवस

1931 साली त्यांचं लग्न नलिनी माडगावकर यांच्याशी झालं. त्याच सुमारास अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आंद्रे वेइल नावाचा एक तरुण फ्रेंच गणिती प्राध्यापक होता. पुढे हा वेइल जगातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांमध्ये गणला गेला. अलीगढचा गणित विभाग नव्याने उभा करायचा म्हणून तो हुशार तरुण शोधत होता. त्याने कोसंबींना बोलावलं आणि ते आले. विजयराघवन हे दुसरे नावाजलेले गणितीही तिथेच होते.

जरा विचार करा. सर सय्यद अहमद खान यांनी 1875 साली लावलेलं ते रोप. तिथल्या एका विभागात 1931 च्या सुमारास एक फ्रेंच, एक तमीळ आणि एक गोव्याचा मराठी माणूस बसून गणिताच्या सर्वांत नव्या प्रश्नांवर काम करत होते. जात, धर्म, मुलूख कोणी विचारत नव्हतं, इल्म विचारलं जात होतं. कोसंबींनी तिथल्या दोनेक वर्षांच्या मुक्कामात भूमितीच्या एका अवघड शाखेत लागोपाठ निबंध लिहिले. अलीगढचं नाव सांगताना आपण शायर आणि पुढारी मोजतो, ते बरोबरच आहे. पण हा गणित विभागही मोजला पाहिजे.

अलीगढहून कोसंबी पुण्याला आले आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. 1945 पर्यंत ते तिथे होते. आमच्या गोष्टीचा मुख्य भाग इथूनच सुरू होतो.

नाणी तोलणारा प्रोफेसर

कोसंबींना सांख्यिकी नीट शिकायची होती. नुसती सूत्रं पाठ करून हा विषय येत नाही, खरे आकडे हातात घ्यावे लागतात. म्हणून त्यांनी एक खराखुरा प्रश्न निवडला : जुनी नाणी.

आपल्या देशातली सर्वांत जुनी नाणी चांदीची आहेत. त्यांना आहत नाणी म्हणतात, म्हणजे ठोकून ठसे उमटवलेली. त्यांवर सूर्य, झाड, डोंगर, जनावर अशी चिन्हं आहेत, पण राजाचं नाव नाही आणि सालही नाही. मग कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे कसं कळणार? तक्षशिला इथे, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, अशा हजाराहून जास्त नाण्यांचा साठा 1924 साली मिळाला होता. त्यांची वजनंही नोंदवलेली होती. पण त्या वजनांच्या रकान्यांचं काय करायचं, ते कोणाला उमगत नव्हतं.

कोसंबींनी विचार केला तो असा. नाणं बाजारात फिरतं. हातातून हातात जातं, थैलीत घासतं. प्रत्येक फेऱ्यात त्याची कणभर झीज होते. म्हणजे वजन हेच नाण्याचं वय सांगेल. पण यात एक गोम आहे. टाकसाळीतून निघताना सगळी नाणी अगदी सारखी नसतात. शिवाय एखादं नाणं जास्त फिरतं, एखादं पेटीत पडून राहतं. त्यामुळे एकट्या नाण्याकडे बघून काहीच ठरत नाही. बघायचा तो अख्खा ढीग.

हे आपण दहावीच्या पद्धतीनेच करून पाहू. समजा पाच नवी नाणी आहेत : 5.0, 5.0, 5.1, 4.9 आणि 5.0 ग्रॅम. बेरीज 25, पाचाने भागली की मध्य 5.0 ग्रॅम. आता पाच जुनी नाणी घ्या : 4.8, 4.6, 4.9, 4.5 आणि 4.7 ग्रॅम. बेरीज 23.5, मध्य 4.7 ग्रॅम. म्हणजे सरासरी 0.3 ग्रॅम झीज झाली. समजा वीस वर्षांत 0.1 ग्रॅम झिजतं असं आपल्याला आधीच माहीत आहे, तर ही नाणी साधारण साठ वर्षं फिरली.

आता दोन गोष्टी बघा. नव्या ढिगात एक नाणं 4.9 चं आहे आणि जुन्या ढिगातही एक 4.9 चं आहे. ही दोनच नाणी समोर ठेवली तर नवं कुठलं आणि जुनं कुठलं ते कोणीच सांगू शकणार नाही. पण ढीग सांगतो. दुसरी गोष्ट म्हणजे नव्या नाण्यांत सर्वांत जड आणि सर्वांत हलकं यांतला फरक 0.2 ग्रॅम आहे, जुन्यांत तो 0.4 झाला. म्हणजे काळ गेला की सरासरी खाली येते आणि पसाराही वाढतो. या पसाऱ्याचं नीट माप म्हणजेच प्रमाण विचलन.

आम्ही वर घेतलेले आकडे समजण्यापुरते आहेत, पण कोसंबींनी काम केलं ते याच मार्गाने. आधी आपला नियम खरा की खोटा हे त्यांनी पाहिलं. त्यासाठी त्यांनी त्यांच्या काळातली चालू नाणी, ज्यांच्यावर साल छापलेलं असतं अशी, हजारोंच्या संख्येने तोलली. वय आणि झीज यांचा मेळ बसतो हे दिसल्यावरच ते जुन्या नाण्यांकडे वळले. तिथे त्यांना एक मजेशीर गोष्ट सापडली. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला लहान लहान ठसे असतात, कुठे एक, कुठे चार. हे ठसे जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे नाणं चलनात असताना अधूनमधून कोणीतरी तपासून त्यावर ठसा मारत असे. ठशांची संख्या आणि झीज यांचा असा मेळ लागला आणि मुक्या नाण्यांचा क्रम लावता आला.

ज्याला इतिहासाची पदवी नाही अशा गणिताच्या मास्तराने हे केलं. यातूनच ते इतिहासाकडे ओढले गेले आणि 1956 साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ आला. त्यांच्या मतांशी भांडणारे पुष्कळ आहेत, पण त्यांना वगळून पुढे जाता येत नाही.

भाताच्या रोपात कोसंबी

1944 साली त्यांचा चारेक पानांचा एक निबंध इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आला. विषय होता जनुकांचा. आईबापाचे गुण लेकरात उतरतात. दोन गुण कधी जोडीने उतरतात, कधी त्यांची ताटातूट होते. शंभर रोपांपैकी किती रोपांत ताटातूट झाली, ते मोजलं की दोन जनुकांमधलं अंतर किती असेल याचा अंदाज करता येतो. पण अंतर मोठं असलं की सरळ मोजणी फसते, कारण दोनदा ताटातूट झाली तर ती दिसतच नाही. ही फसगत दुरुस्त करणारं सूत्र कोसंबींनी दिलं. त्याला कोसंबी फलन म्हणतात. शंभरात दहा वेळा ताटातूट दिसली तर त्यांच्या सूत्राने अंतर सुमारे 10.1 येतं, म्हणजे जवळपास तेवढंच. वीस वेळा दिसली तर मात्र 21.2 येतं. अंतर वाढेल तशी दुरुस्ती वाढत जाते.

ऐंशी वर्षं झाली, आजही भात, गहू यांसारख्या पिकांचे जनुकीय नकाशे काढताना जगभरचे शास्त्रज्ञ हे सूत्र वापरतात. बोर्लीच्या आसपास खाचरात भात लावणाऱ्या शेतकऱ्याला हे नाव ठाऊक असायचं कारण नाही. पण भाताच्या शास्त्रात एका कोकणी किनाऱ्यावरच्या माणसाचं नाव कायमचं बसलं आहे, हे आपल्या मुलांना कळलं पाहिजे.

डेक्कन क्वीन आणि पत्त्यांचा हिसाब

1945 साली होमी भाभांनी कोसंबींना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावलं. घर पुण्यात आणि नोकरी मुंबईत. मग डेक्कन क्वीनने ये-जा सुरू झाली. ही गाडी आपल्याच जिल्ह्यातल्या कर्जतवरून घाट चढते. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. प्रवासातला वेळ ते वाचनात आणि कामात घालवत.

या काळात त्यांनी एका वेगळ्याच गोष्टीला हात घातला. अमेरिकेत राइन नावाचे एक प्राध्यापक सांगत होते की काही माणसांना न बघता पत्ता ओळखता येतो, त्यांच्यात अतींद्रिय शक्ती असते. पत्ते म्हटलं की आपल्या घरात कपाळाला आठ्या पडतात, पण इथे पैशाचा डाव नव्हता. पंचवीस पत्ते, त्यांवर पाच चिन्हं, प्रत्येक चिन्हाचे पाच पत्ते. पालथा पत्ता ओळखायचा, एवढंच.

हे उदाहरण मुलांनी वहीत सोडवून बघावं. नुसत्या अंदाजाने एक पत्ता बरोबर येण्याची संभाव्यता 1/5. पंचवीस वेळा अंदाज केला तर सरासरी 25 × 1/5 = 5 बरोबर येणार. पण दर वेळी नेमके पाच येत नाहीत. प्रमाण विचलन काढायला 25 × 1/5 × 4/5 = 4, त्याचं वर्गमूळ 2. म्हणजे तीन ते सात या दरम्यान उत्तर येणं अगदी साधं आहे. शंभर माणसांना बसवलं तर सुमारे बावीस जणांचे सात किंवा जास्त बरोबर येतील, आणि चार-पाच जणांचे नऊ किंवा जास्त. कुठलीही शक्ती नसताना! त्या चार-पाच जणांनाच पुढे उभं केलं आणि बाकीच्यांचं नाव काढलं नाही, तर झाला चमत्कार.

कोसंबींची शंका याच्याही मुळाशी गेली. हा सगळा हिसाब खरा कधी? पत्ते पूर्ण विस्कटलेले असतील तर. पण हाताने पिसल्यावर पत्ते खरोखर विस्कटतात का? सहकारी राममोहन राव यांच्यासोबत त्यांनी हेच तपासलं आणि 1958 साली इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध छापला. नेहमीच्या पिसण्याने जुना क्रम पुरता मोडत नाही, त्याचे तुकडे शिल्लक राहतात, असं त्यांनी दाखवलं. पायाच कच्चा असेल तर त्यावर उभ्या केलेल्या दाव्याचं काय?

एक मोठी चूक आणि तिची किंमत

आता कडू भाग. तो न सांगता पुढे जाणं प्रामाणिकपणाचं नाही. गणितात रीमानचं गृहीतक नावाचा एक प्रश्न आहे. मूळ संख्या कशा विखुरलेल्या आहेत, त्याबद्दलचा. 1859 पासून तो सुटलेला नाही, आणि आज तो सोडवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे. कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने तो सोडवल्याचा दावा केला आणि तो निबंध शेतीच्या सांख्यिकीच्या नियतकालिकात छापला. दावा टिकला नाही. गणितींच्या वर्तुळात त्यांची नाचक्की झाली. संस्थेशी आधीच बिनसलं होतं, त्यात ही भर पडली. 1962 साली त्यांचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही.

ज्याने राइनच्या दाव्याचा पाया तपासला, तोच माणूस स्वतःच्या दाव्यात अडकला. यावरून आम्हाला एवढंच सांगायचं आहे की हुशारी कितीही असली तरी तपासणी दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते. गणितात मोठं नाव चालत नाही, पायरी न् पायरी बरोबर लागते. त्याच वेळी हेही बघा की त्या एका चुकीने नाण्यांचं काम खोटं ठरलं नाही आणि भाताचं सूत्रही खोटं ठरलं नाही.

नोकरी गेल्यावरही ते थांबले नाहीत. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, लेणी, जुन्या वाटा पायी तुडवत ते लिहीत राहिले. 29 जून 1966 रोजी पुण्यात हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय अवघं 58. 2008 साली, त्यांच्या जन्मशताब्दीनंतर, भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

आपल्या मोहल्ल्यातला हिसाब

हे सगळं आज बोर्ली पंचतनला कशाला सांगायचं? तर एक साधं उदाहरण घेऊ. समजा एका आळीत पाच घरं आहेत. चार घरांची महिन्याची कमाई 10, 12, 13 आणि 15 हजार. पाचव्या घरातला मुलगा आखातात आहे, तिथून 1 लाख 50 हजार येतात. बेरीज 2 लाख, सरासरी 40 हजार. आता कोणी बाहेरचा येऊन म्हणेल की या आळीतलं प्रत्येक घर 40 हजार कमावतं, यांना कशाला हवी स्कॉलरशिप? पण मधलं घर, म्हणजे मध्यक, 13 हजारांवर आहे. पाचापैकी चार घरं सरासरीच्या आसपाससुद्धा नाहीत. सरासरी खोटी नाही, पण एकटी सरासरी अर्धंच सांगते. नाण्यांच्या ढिगात कोसंबींनी पसाराही बघितला, तो याचसाठी.

2006 साली सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हा देशात त्याची एवढी चर्चा का झाली? शिक्षण, नोकरी, बँकेचं कर्ज, सगळ्याची आकडेवारी त्यात मांडली होती म्हणून. तक्रार कोणीही उडवून लावू शकतो, नीट मांडलेला आकडा उडवणं अवघड असतं. हे आकडे मांडणारी, तपासणारी, त्यातली गफलत पकडणारी माणसं आपल्या घरांतून किती निघतात, हा खरा प्रश्न आहे. दुसरीकडे मोबाइलवरच्या सट्ट्याच्या खेळांत आपली पोरं पैसे घालवत आहेत. समजा शंभर जणांनी दहा-दहा रुपये लावले आणि बक्षीस एकाला 700 चं, तर एक हजार गोळा झाले, 700 परत गेले. प्रत्येकाला सरासरी तीन रुपयांचा तोटा, आणि खेळत राहील तो बुडत राहील. हराम-हलालची गोष्ट घरातले वडीलधारे सांगतातच, दहावीचं पुस्तकही तेच गणिताने सांगतं.

आपल्याकडे सुपारीचा व्यापारी पोत्यातून दोन-चार मुठी काढून बघतो आणि अख्ख्या मालाचा भाव ठरवतो. तो वरचीच मूठ घेत नाही, तळातलीही घेतो. नमुना कसा घ्यावा हे त्याला कोणी शिकवलेलं नाही, तरी तो बरोबर घेतो. म्हणजे या विषयाचं बीज आपल्या घरात आहेच.

तेव्हा यंदा मुलगा किंवा मुलगी सांख्यिकीच्या धड्याला कंटाळली, तर गल्ल्यातली पन्नास नाणी काढून तिच्यापुढे ठेवा. छापलेल्या सालाप्रमाणे ढीग लावायला सांगा. एकाच किमतीची नाणी एका ढिगात, आणि सोनाराचा बारीक काटा मिळाला तर वजनही घ्या. मध्य काढा, मध्यक काढा, जड-हलक्यातला फरक काढा. मुलीला हे आवडलं तर बारावीनंतर सांख्यिकीत बी.एस्सी. करता येतं, हे तिला आजच सांगून ठेवा. मग पासपोर्ट काढायचा तर जरूर काढा, पण तो शिक्षण पुरं झाल्यावर.